शेपटीमागे एक सेंट

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने काय सांगावे, याचे आपल्याकडे काही संकेत ठरून गेले आहेत. कॅनडाला जाऊन आलेल्याने नायगारा सांगावा, तोही कॅनडाच्या बाजूने कसा जास्त चांगला दिसतो हे आवर्जून सांगावे. मग रॉकी पर्वत, तिथल्या मराठी मंडळाचा गणपती, आणि शेवटी थंडीत बोटे कशी बधिर होतात ते. यातले मी काहीच सांगणार नाही. मी सांगणार आहे ती एका शिकारीची हकीकत. शिकार म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे वाघ किंवा अस्वल उभे राहिले असेल, तर ते कृपया बाजूला सारावे. या शिकारीतल्या सावजाचे वजन तीन-चारशे ग्रॅम असते आणि ते मागच्या दोन पायांवर उभे राहून, पुढचे दोन पंजे पोटाशी धरून, आपल्याकडे पाहत शिटी वाजवते.

त्याला तिकडे गोफर म्हणतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे नाव चुकीचे. खरे गोफर निराळे. हा प्राणी म्हणजे जमिनीत बीळ करून राहणारी खार. सर जॉन रिचर्डसन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाच्या नावावरून पुस्तकात तिला ‘रिचर्डसन्स ग्राउंड स्क्विरल’ म्हणतात. पण सस्कॅचवानच्या शेतकऱ्यापुढे हे नाव घेतले, तर तो आपल्याकडे दयेने पाहतो. खार म्हटली की आपल्याला रामाचा सेतू आणि पाठीवरची बोटे आठवतात. या खारीच्या पाठीवर बोटे नाहीत. तिच्या वाट्याला रामाऐवजी शेतकरी आला.

माझा एक शाळेपासूनचा मित्र सास्काटूनला असतो. त्याचे नाव इथे देत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही. सोलापूर जिल्ह्यातले त्याचे घर माळकरी. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, वर्षातून वारी, आणि घरात अंडे सोडाच, कांदा-लसूणही एकादशीला बाहेर. हा शेतकी कॉलेजातून १९८५ साली सस्कॅचवान विद्यापीठात मृदाशास्त्र शिकायला गेला आणि तिथलाच झाला. आता निवृत्त आहे. मीही बँकेतून निवृत्त झालो तेव्हा, “आता तरी ये,” असे त्याने फोनवर म्हटले, आणि २०२४ च्या मे महिन्यात मी गेलो. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, “शनिवार, रविवार, सोमवार मोकळे ठेव. व्हिक्टोरिया डेची सुट्टी आहे. गोफर मारायला जायचंय.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. “तू? बंदुकीने?”

“मग काय टाळ वाजवून मारू?” तो म्हणाला.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमच्यासाठी धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, यावरून हा दरवर्षीचा शिरस्ता असावा हे मी ओळखले.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. सात नंबरच्या हमरस्त्याने नैऋत्येला रोजटाऊनपर्यंत, आणि तिथून चार नंबरच्या रस्त्याने सरळ दक्षिणेला. सरळ म्हणजे ओळंबा लावावा तसा सरळ. या देशाची मोजणी माणसे येण्याच्या आधीच कागदावर झाली. १८७२ च्या कायद्याने एक मैल लांब, एक मैल रुंद असे चौरस आखले. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. दहा डॉलर फी भरायची, तीन वर्षे राहायचे, घर बांधायचे, काही एकर नांगरायचे, की जमीन तुमची. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला असा सातबारा स्वप्नातही दिसत नाही. मात्र, तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासींना त्या चौरसांत काय मिळाले, हा निराळा आणि दुःखद अध्याय आहे.

मे महिन्याचा मध्य म्हणजे तिकडची पेरणी. क्षितिजापर्यंत काळीभोर जमीन, आणि तिच्यावर धुरळा उडवत चाललेली, आपल्या चाळीएवढी रुंद पेरणी यंत्रे. “हे काय पेरतायत?” मी विचारले. “मसूर,” मित्र म्हणाला. कॅनडातली जवळजवळ सगळी मसूर याच एका प्रांतात पिकते आणि तिचा मोठा गिऱ्हाईक भारत आहे. आपल्या आमटीतली मसूर कुठून आली असेल याचा विचार मी तरी आजवर केला नव्हता. काईल नावाच्या गावात रस्त्याकडेला एका मॅमथचा पुतळा आहे. १९६४ साली रस्त्याचे काम चालू असताना तिथे त्या अजस्र प्राण्याचे अवशेष सापडले. पुढे रस्ता सस्कॅचवान नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि पुन्हा वर चढतो. तिथून शेते विरळ होत गेली आणि गवत सुरू झाले. कुंपणाच्या खांबाखांबावर पिवळ्या छातीचा मेडोलार्क पक्षी बसून गात होता.

गाडीच्या मागच्या बाजूला रायफल होती. पॉइंट टू-टू, साधी, एकेक काडतूस बोल्ट ओढून भरायची. ती रिकामी, कुलूपबंद, आणि काडतुसे वेगळ्या डब्यात. कॅनडात बंदूक बाळगायची तर अभ्यासक्रम, परीक्षा, चौकशी आणि मग परवाना. कुणाच्या जमिनीवर जायचे तर आधी मालकाची परवानगी हवी. सस्कॅचवानमध्ये तसा कायदाच १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला आहे. अमेरिकन सिनेमे पाहून आपली जी कल्पना झालेली असते, तिच्याशी हे जुळत नाही.

वाटेत त्याने या वारीची जन्मकथा सांगितली. १९८६ च्या जानेवारीत, नवीनच गाडी चालवायला शिकलेला असताना, तो स्विफ्ट करंटच्या दक्षिणेला मातीचे नमुने घ्यायला गेला आणि बर्फावरून घसरून गाडीसकट चरात पडला. उणे तीस तापमान. मोबाईल नव्हते. दीड तासाने एक पशुपालक ट्रॅक्टर घेऊन आला, गाडी ओढून काढली, घरी नेले, सूप पाजले, रात्री ठेवून घेतले. सकाळी याने पाकीट काढले तर तो माणूस रागावला. “पैसे नकोत. उपकार फेडायचेच असतील तर मे महिन्यात ये आणि माझे गोफर मार.” माळकऱ्याच्या पोराने तोवर ढेकूणसुद्धा अपराधी मनाने मारला होता. पण शब्द दिला होता. तो परवाना काढून मे महिन्यात गेला. त्यानंतर एखाद-दुसरे वर्ष सोडले तर दरवर्षी जातो आहे.

“अरे, अडतीस वर्षं झाली. मुद्दल केव्हाच फिटली असेल,” मी म्हणालो.

“साहेब,” तो म्हणाला (मला चिडवायचे असले की तो साहेब म्हणतो), “सगळी कर्जं फेडायची नसतात. काही नुसती चालू ठेवायची असतात.”

आमचे यजमान आता ऐंशीच्या घरात आहेत. बाई त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. मुलगा कॅल्गरीला. दोघांनी मित्राला मिठी मारली, माझ्याशी हात मिळवला, आणि चहा घ्यायच्या आत यजमानांनी आम्हाला कुरणावर नेले. का, ते तिथे पोचताच कळले. एवढ्या मोठ्या कुरणात सपाट अशी जमीन थोडीच होती. जिकडे पाहावे तिकडे मातीचे उंचवटे आणि त्यांच्या शेजारी मनगट जाईल एवढी भोके. यजमानांनी एका जागी काठी टेकवली. “इथे माझी घोडी पडली. सहा वर्षांची होती. पाय मोडला.” पुढे ते काही बोलले नाहीत. पाय मोडलेल्या घोडीचे पुढे काय करावे लागते, हे सांगायची गरज नव्हती.

घोडी हे एक झाले. कोवळे रोप वर आले की गोफर ते ओळीने कुरतडत जातात. कॅनोला आणि लसूणघास त्यांना विशेष प्रिय. मातीच्या ढिगाऱ्यांत कापणी यंत्राची पाती अडकतात. आणि मादी वर्षातून एकदाच वीत असली, तरी एका वेळी सहा ते आठ पिले देते. मित्राने त्यातली खुबी सांगितली. गोफरला उंच गवत आवडत नाही, कारण त्यातून शत्रू दिसत नाही. दुष्काळ पडला, गवत खुरटले, किंवा गुरांनी ते बुडख्यापर्यंत खाल्ले, की त्याचे फावते. म्हणजे ज्या वर्षी शेतकरी आधीच मेटाकुटीला आलेला असतो, त्याच वर्षी गोफर वाढतात. अडचणीतल्या माणसाच्या दारातच वसुलीवाला येतो, त्यातलाच हा प्रकार.

उन्हे वर आल्यावर काम सुरू झाले. कामच म्हणतो, कारण मित्राच्या चेहऱ्यावर मौजेचा भाव नव्हता. तो पोटावर पालथा पडला, रायफल एका पिशवीवर टेकवली, दुर्बिणीला डोळा लावला. मी शेजारी वही घेऊन बसलो. ही श्रमविभागणी त्यानेच केली होती: “तू बँकेतला. तू हिशेब ठेव.” एक गोफर उभा राहिला. फट् असा, फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. गोफर दिसेनासा झाला. मी वहीत एक उभी रेघ मारली.

पाच-दहा मिनिटे सगळीकडे शांत. मग एक डोके वर येई, दुसरे येई, आणि कुठून तरी लांब शिटी ऐकू येई. शिटीचेही शास्त्र आहे. जमिनीवरून शत्रू येत असेल तर लांब शिटी, आकाशातून ससाणा येत असेल तर तुटक चिवचिवाट. आणि मॅनिटोबा विद्यापीठातल्या डेव्हिड विल्सन आणि जेम्स हेअर या दोघांनी २००४ साली दाखवून दिले, की यांची एक तिसरीही हाक आहे. ती इतक्या वरच्या पट्टीत असते की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. संशोधक पाहत होते ते एवढेच, की प्राणी तोंड उघडतो आहे आणि आवाज मात्र नाही. हे मित्राने मला दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात सांगितले. त्यानंतर जितका वेळ शांतता होती, तितका वेळ ती मला खरीखुरी शांतता वाटली नाही.

मित्राचे काही नियम होते. बाजूला उभे असलेले सावज, शंभर पावलांच्या आत, मागे टेकाड असेल तरच. प्रत्येक मेलेला गोफर उचलायचा, बादलीत टाकायचा आणि संध्याकाळी खोल खड्ड्यात पुरायचा. “इतर लोक तिथंच टाकून देतात,” तो म्हणाला. “घारी-ससाणे खातात. शरीरात शिशाचे कण विखुरलेले असतात, ते त्यांच्या पोटात जातात. मारायचं त्याला मारावं. उगाच तिसऱ्याला कशाला?”

तेविसाव्या रेघेच्या वेळी नेम जरासा चुकला. गोफर कोलमडला, उठला आणि फरफटत बिळात गेला. मित्र रायफल रिकामी करून उठला, त्या बिळापाशी जाऊन बसला, आणि वीस मिनिटे तिथून हलला नाही. मीही जाऊन बसलो. आतून काहीच आवाज आला नाही. वारा होता आणि मेडोलार्क गातच होता.

“वहीत काय लिहू?” मी शेवटी विचारले.

“वेगळं लिही. त्याच्यात मिसळू नकोस.”

मी दुसरा रकाना आखला. जमा, नावे, आणि अनिर्णित. बँकेत याला आम्ही उचंत खाते म्हणत असू. ज्या रकमेचे काय करायचे ते ठरत नाही, ती तिथे पडून राहते. दुपारी बादलीतल्या एका मादीकडे पाहताना मला दिसले, की ती अंगावर पाजणारी होती. मे महिन्याच्या मध्याला पिले नुकती कुठे बिळाबाहेर येऊ लागलेली असतात. काही अजून आतच असतात. मी मित्राला विचारले, “ही एक धरायची की सात?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “शास्त्र सांगतं, संख्या कमी करायची तर मार्च-एप्रिलमध्येच, पिलं व्हायच्या आधी मारायला पाहिजे. पण तेव्हा बर्फ असतो, चिखल असतो, गुरांची वीण असते. लोकांना सवड मे महिन्यात मिळते, हवाही चांगली असते. सातचा आकडा कोणीच लिहीत नाही.”

बँकेत असताना जप्तीच्या आणि लिलावाच्या नोटिसांवर माझी सही असे. ट्रॅक्टर ओढून नेणारी माणसे वेगळी, बोली लावणारी वेगळी. मी फक्त कागद पाहणारा. पण त्या गावांत मला कोणी नामानिराळे समजत नसे, आणि त्यांचे बरोबरच होते. त्या कुरणावर मी रायफलीला हात लावला नाही. म्हणून माझा हात त्या दिवसातून वेगळा काढता येईल असे मला वाटत नाही. रेघा माझ्या अक्षरातल्या आहेत.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती गप्पा झाल्या. वहिनींची धपाटी यजमानांना पाठ आहेत. चटणीकडे मात्र ते आदराने, लांबून पाहतात. त्यांनी जुने दिवस काढले. पहिल्या महायुद्धात गहू म्हणजे दारूगोळ्याइतकाच मोलाचा होता. १ मे १९१७ रोजी सस्कॅचवान सरकारने ‘गोफर दिन’ पाळला आणि शाळांमधल्या मुलांनी त्या एका दिवसात पाच लाखांहून जास्त गोफर मारले. पुढेही गावोगावच्या पंचायती शेपटीमागे एक सेंट देत. तिसाच्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकदम आली. शेताची माती उडून आकाश काळे होई. त्या वर्षांत यजमानांचे वडील लहान होते. शेपट्या विकून त्यांनी आपले पहिले बूट घेतले. आणि कित्येक घरांत शेपटीखेरीज उरलेला गोफर टाकून दिला जात नव्हता, तो शिजत होता. यजमान हे सांगताना हसले नाहीत.

त्या प्रांतातला मोठा कादंबरीकार डब्ल्यू. ओ. मिचेल वेबर्नचा. त्याच्या १९४७ सालच्या गाजलेल्या कादंबरीत, गोफर पकडायला गेलेल्या पोरांपैकी एक जण जिवंत गोफरची शेपूट तोडतो, आणि एका लहान मुलाला त्या दिवशी जगात काही तरी बिनसले आहे हे प्रथम जाणवते. कादंबऱ्या लिहिणारा म्हणून मी ती मुद्दाम वाचून गेलो होतो. यजमानांनी ती वाचली नव्हती, पण प्रसंग ऐकल्यावर ते म्हणाले, “असा एक मुलगा प्रत्येक शाळेत असायचा. आणि तसा दुसराही.”

मग विषाचा विषय निघाला. शंभराहून अधिक वर्षे तिकडे गोफरवरचा हुकमी उपाय होता स्ट्रिक्निन. हे विष कोणत्या झाडाचे, हे मी सांगितले तेव्हा टेबलाभोवती सगळे थक्क झाले. आपल्या कोकणात रानोमाळ उगवणारा काजरा, त्याच्या बियांतले ते विष. जुनी माणसे काजऱ्याला का भितात हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच विषाने भिजवलेले धान्य पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बिळाबिळांत घातले गेले. पण विष बिळाच्या दाराशी थांबत नाही. विष खाऊन मेलेला गोफर कोल्हा खातो, ससाणा खातो. स्विफ्ट फॉक्स हा मांजराएवढा कोल्हा कॅनडातून गेल्या शतकात नाहीसाच झाला होता; १९८३ पासून बाहेरून आणून तो पुन्हा सोडावा लागला. अशा दुर्मिळ प्राण्यांना धोका नको म्हणून सरकारने २०२० साली स्ट्रिक्निनची मान्यता काढली आणि मार्च २०२३ नंतर ते वापरायलाही बंदी झाली. यजमान त्यावर नाराज आहेत. “ओटावात बसलेल्या माणसाची घोडी पडत नाही,” ते म्हणाले. बाई म्हणाल्या, “आपली दोन कुत्रीही त्यानेच मेली होती.” यजमान गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी रायफल कुलपातच ठेवून आम्ही आणखी दक्षिणेला, अमेरिकेच्या सरहद्दीलगत, व्हॅल मारी गावापाशी ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान पाहायला गेलो. झाडे नाहीत, डोंगर नाहीत. नुसते गवत आणि आकाश. नांगर न लागलेल्या गवताळ जमिनीचा हा राखून ठेवलेला तुकडा आहे. २००५ साली इथे गवे परत आणले. आणि इथेच, कॅनडात फक्त याच भागात, प्रेअरी डॉगची वसाहत आहे. प्रेअरी डॉग म्हणजे कुत्रा नव्हे. तो गोफरचा थोराड चुलतभाऊ. तसाच उभा राहतो, तशीच बिळे करतो, तसेच गवत कुरतडतो. पण याला कायद्याचे संरक्षण आहे. लांबून लोक त्याला पाहायला येतात, फलक लावलेले आहेत, मुले हात हलवतात. कुंपणाच्या एका बाजूला एका भावामागे काडतूस आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्यामागे माहितीफलक! दोघांच्या वागणुकीत फारसा फरक नाही. एक भरपूर आहे, दुसरा थोडा उरला आहे. एवढाच फरक.

तिथे एका जुन्या बिळाच्या तोंडाशी वीतभर उंचीचे, लांब पायांचे, पिवळ्या डोळ्यांचे घुबड उभे होते. मित्राने माझा हात दाबला. हे बिळात राहणारे घुबड. कॅनडात ते आता फार थोडे उरले आहे. ते स्वतः बीळ खणत नाही. प्रेअरी डॉगने, बिज्जूने किंवा आपल्या त्या गोफरने सोडलेल्या बिळात ते संसार मांडते. फेरुजिनस हॉक नावाचा मोठा शिकारी पक्षी त्या भागात आपली पिले मुख्यतः गोफरवर वाढवतो. म्हणजे यजमानांच्या खातेवहीत जे सगळे नावे पडते, त्याची जमेची बाजू आणखी कुणाच्या तरी वहीत लिहिलेली असते. अडचण अशी, की घोडी एकाची पडते आणि घुबड सगळ्यांचे असते.

आमच्याकडे विदर्भात मी शाखाधिकारी असताना रोही आणि रानडुकरे एका रात्रीत भुईमुगाचे वावर कसे साफ करतात हे पाहिले आहे. शेतकरी रात्र-रात्र मचाणावर डबा बडवत बसतो. नुकसानभरपाईचा अर्ज भरायचा, पंचनाम्याची वाट पाहायची, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला. शहरातून येणारे पाहुणे त्याला वन्यजीवांचे महत्त्व समजावून सांगत. ते बरोबरच सांगत. पण ऐकणारा झोपलेला नसे, हे त्यांच्या ध्यानात येत नसे. त्या अनुभवामुळे मला यजमानांना क्रूर म्हणवत नाही.

मात्र दुसरेही एक सांगितले पाहिजे. याच सस्कॅचवानमध्ये २००२ साली गोफर मारण्याची स्पर्धा भरली होती. ज्याच्या शेपट्या जास्त, त्याला बक्षीस. दुष्काळ होता, शेतकरी खरोखरच गांजलेले होते. तरी देशभर गहजब झाला. मला वाटते, लोक बिथरले ते मारण्यामुळे तितके नव्हे, जितके मोजण्याच्या तऱ्हेमुळे. शेपटीमागे एक सेंट मिळवून बूट घेणारा पोरगाही मोजतच होता. पण त्याच्या मोजण्याला गरजेचा तळ होता. गरज संपल्यावर मोजणे तेवढे शिल्लक राहिले, की त्याचा खेळ होतो. माझ्या मित्राच्या तीन दिवसांत आनंद होता, तो मी नाकारत नाही: जुनी मैत्री, मोकळे आकाश, बाईंच्या हातचा पाय. पण बंदुकीशी त्याने तो मिसळू दिला नाही, आणि बिळापाशी तो वीस मिनिटे बसला. त्याच्या वडिलांची माळ त्याच्या गळ्यात नाही. ती कुठेच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही.

सोमवारी सकाळी निघताना मी वहीचे पान यजमानांच्या हाती दिले: मिळालेले ४१, बिळात गेलेले ३. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, मान हलवली आणि बाईंकडे दिले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बियाण्याच्या दुकानाने दिलेले कॅलेंडर होते. बाईंनी शनिवारच्या चौकोनात पेन्सिलीने ४१ लिहिले, जरा थांबल्या, आणि त्याच्या शेजारी ३ लिहिले. मग मला दाखवायला म्हणून त्यांनी मागची पाने उलटली. मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘पहिला गोफर दिसला.’

“दरवर्षी लिहिते,” त्या म्हणाल्या. “लग्न होऊन इथे आले तेव्हापासून. सासूबाईही लिहायच्या. सहा महिने बर्फ पाहून पाहून डोळे दुखायला लागतात. मग एक दिवस खिडकीतून तो उभा दिसतो. आता हिवाळा गेला म्हणून मी यांना हाक मारते.”

“आणि मग हे काय करतात?” मी विचारले.

“हे शिव्या देतात,” बाई म्हणाल्या, “आणि बघायला येतात.”